शिखर न गाठलेल्यांचे पदक

५ फेब्रुवारी १९२४. फ्रान्समधील शामोनी हे माँ ब्लाँच्या पायथ्याशी वसलेले गाव. ‘सप्ताह’ म्हणवला जाणारा, पण प्रत्यक्षात बारा दिवस चाललेला आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडासोहळा त्या दिवशी संपत होता. आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक पिएर द कुबर्तँ यांनी समारोपात एका ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या हाती पदके दिली. त्या अधिकाऱ्याने तिथे ना स्केटिंग केले होते, ना तो बर्फावरून घसरत कुठली शर्यत जिंकला होता. ज्या पराक्रमासाठी हा गौरव होता तो पावणेदोन वर्षांपूर्वी, हजारो किलोमीटर दूर, तिबेटमध्ये घडला होता. आणि त्या पराक्रमाचा शेवट अपयशात झाला होता.

पदके चांदीची होती, त्यांवर सोन्याचा मुलामा होता. मानकरी एकवीस. त्यांतले सात जण हयात नव्हते.

नाणे आणि पदक दिसायला सारखेच: धातूची चकती, तिच्यावर उठाव, कडेला अक्षरे. पण नाण्याला किंमत असते, ते बाजारात चालते, त्यामागे राजसत्तेचा हुकूम असतो. पदकाला यातले काहीच नसते. त्याचे सारे मोल ‘कोणाला दिले आणि कशासाठी दिले’ या दोन प्रश्नांत सामावलेले. शामोनीच्या पदकांच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न वाटतात तेवढे सोपे नाहीत.

गिर्यारोहणासाठी ऑलिंपिक पारितोषिक असावे, ही कल्पना ऑलिंपिकच्या पुनरुज्जीवनाइतकीच जुनी. १८९४ साली पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात जी परिषद भरली, तिथेच हा विचार पुढे आला होता. मागील स्पर्धेनंतरच्या काळात झालेली सर्वांत लक्षणीय चढाई निवडायची आणि तिचा सन्मान करायचा. अडचण उघड होती. डोंगरावर शर्यतीची रेषा नसते, पंच नसतो, दोन चढाया एका तागडीत तोलता येत नाहीत. त्यामुळे हा ठराव तीस वर्षे कागदावरच राहिला. तो अमलात आणायला १९२२ची एव्हरेस्ट मोहीम निमित्त ठरली.

त्या मोहिमेची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. उत्तर ध्रुवावर पोहोचल्याचा दावा १९०९ साली अमेरिकन रॉबर्ट पिअरीने केला; दक्षिण ध्रुव १९११ साली नॉर्वेच्या रोआल्ड आमुंडसेनने गाठला. ब्रिटिशांच्या हाती दोन्ही ठिकाणी निराशा आली. उरले होते ते जगातले सर्वोच्च शिखर, ज्याला तेव्हा ‘तिसरा ध्रुव’ म्हणण्याची पद्धत पडली होती. नेपाळचे दार बंद होते. १९२० साली तेराव्या दलाई लामांकडून तिबेटमार्गे जाण्याची अनुमती मिळाली, १९२१ साली पाहणी पथकाने उत्तरेकडील वाट शोधली आणि १९२२च्या वसंतात दार्जिलिंगहून प्रत्यक्ष चढाईसाठी तुकडी निघाली.

नेते होते ब्रिगेडियर जनरल चार्ल्स ग्रॅनव्हिल ब्रूस. उपनेते लेफ्टनंट कर्नल एडवर्ड स्ट्रट. १९१९ साली पदच्युत ऑस्ट्रियन सम्राट कार्ल यांना सहकुटुंब सुखरूप स्वित्झर्लंडला पोहोचवणारा अधिकारी तो हाच. सोबत जॉर्ज मॅलरी, एडवर्ड नॉर्टन, शल्यविशारद हॉवर्ड सॉमरवेल, भारतीय सर्वेक्षण विभागातील हेन्री मॉर्सहेड, ऑस्ट्रेलियात जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज फिंच, चित्रपटकार जॉन नोएल आणि इतर. पहिले महायुद्ध संपून चारच वर्षे झाली होती आणि यांतले बहुतेक जण त्या युद्धातून परतलेले होते. सॉमरवेलने सोमच्या रणभूमीवर जखमींच्या रांगाच्या रांगा पाहिल्या होत्या. मृत्यूची या मंडळींना सवय होती. पुढे जे घडले ते समजून घेताना हे ध्यानात ठेवावे लागते.

या नावांच्या मागे आणखी एक मोठी तुकडी चालत होती: दार्जिलिंगमध्ये भरती केलेले शेर्पा आणि भोटिया भारवाहक. तंबू, अन्न, दोर, प्राणवायूच्या नळकांड्या, जे काही वर गेले ते मुख्यतः त्यांच्या पाठीवरून.

२१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल प्राणवायूच्या साहाय्याविना २६,९८५ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत पोहोचले. या आकड्याचे महत्त्व आज चटकन जाणवणार नाही. तोवर उंचीचा विक्रम होता इटलीच्या ड्यूक ऑफ अब्रुझ्झी यांचा: १९०९ साली काराकोरममधील चोगोलिसावर सुमारे ७,५०० मीटर. माणूस आठ हजार मीटरच्या वर श्वास घेऊ शकतो की नाही, हेच ठाऊक नव्हते. त्या दिवशी ते ठाऊक झाले. उतरताना एक जण घसरला, दोराने बांधलेले आणखी दोघे त्याच्यामागे ओढले गेले आणि मॅलरीने आपली आइस ॲक्स बर्फात रोवून, तिच्याभोवती दोर टाकून तिघांनाही थोपवले. मॉर्सहेड आधीच हिमदंशाने कोलमडला होता. पुढे त्याला बोटांची टोके गमवावी लागली.

दुसरी चढाई फिंचची. प्राणवायूच्या नळकांड्यांवर विश्वास असलेला तो जवळजवळ एकटाच होता आणि त्याबद्दल त्याने सहकाऱ्यांची पुरेशी थट्टा सोसली होती. पिसांनी भरलेला, फुग्याच्या कापडाचा एक कोट त्याने स्वतः बनवून घेतला होता. त्यालाही मंडळी हसत. आजच्या प्रत्येक गिर्यारोहकाच्या अंगावर असणारे डाउन जॅकेट त्याच कोटाचे वंशज आहे. त्याच्याबरोबर होते जनरल ब्रूस यांचा पुतण्या जेफ्री ब्रूस, ज्याने यापूर्वी खरी गिर्यारोहण-चढाई केलीच नव्हती, आणि गुरखा सैनिक तेजबीर बुरा.

सुमारे २५,५०० फुटांवर एका छोट्या तंबूत या तिघांना वादळाने गाठले. एक रात्र, मग पूर्ण दिवस, मग आणखी एक रात्र. तंबू उडून जाऊ नये म्हणून ते तो आतून धरून बसले होते. दुसऱ्या संध्याकाळी बाहेरून आवाज आले. नॉर्थ कोलच्या छावणीतून काही भारवाहक त्या वाऱ्यातून गरम पेयांचे थर्मास घेऊन वर आले होते, आणि ते देऊन अंधारात पुन्हा खाली गेले. मोहिमेच्या विक्रमांच्या यादीत ही चढाई कुठे नाही. खरे तर ती असायला हवी होती.

२७ मे रोजी तिघे निघाले. सुमारे २६,००० फुटांवर तेजबीर कोसळला आणि त्याला परत फिरावे लागले. फिंच आणि ब्रूस २७,३०० फुटांपर्यंत (सुमारे ८,३२० मीटर) गेले. ब्रूसच्या प्राणवायूच्या उपकरणात बिघाड झाला आणि दोघांना माघार घ्यावी लागली. त्या काळच्या मोजमापानुसार शिखर आणखी सतराशे फूट वर होते.

मोहीम इथे थांबली असती, तर ती निर्विवाद यशस्वी मानली गेली असती. ती थांबली नाही. मान्सून जवळ येत होता, ताज्या हिमाचे थर साचत होते, बहुतेक सदस्य थकले वा जायबंदी झाले होते. तरीही तिसरा प्रयत्न करायचे ठरले. ७ जूनला मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड आणि चौदा भारवाहक नॉर्थ कोलच्या उतारावर चढत होते. दुपारी वरचा थर सुटला. पुढच्या दोरावरची मंडळी हिमाखाली गाडली गेली, पण धडपडून बाहेर आली. मागच्या दोन दोरांवरचे नऊ जण हिमाच्या लोंढ्याबरोबर एका हिमकड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढता आले. सात गेले.

सातही जण भारवाहक होते. साहेबांपैकी कोणीही नाही.

सॉमरवेलने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की त्या क्षणी त्याला वाटले, मेलेल्यांत आपल्यापैकी एखादा तरी असता तर बरे झाले असते. निदान वाचलेल्या भारवाहकांना दिसले असते की संकटात आपणही त्यांचे वाटेकरी आहोत. मॅलरीनेही घरी पाठवलेल्या पत्रांत स्वतःला दोष दिला. वाचलेल्या भारवाहकांनी आपल्या साथीदारांचे देह जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत असे सांगितले. छावणीजवळ दगडांची एक रास रचून त्यांचे स्मारक करण्यात आले आणि मोहीम परत फिरली. सॉमरवेल मात्र भारतात हिंडत दक्षिणेला त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर इथे पोहोचला, तिथल्या मिशन रुग्णालयातील रुग्णांची गर्दी पाहिली आणि लंडनमधील उज्ज्वल भवितव्य सोडून त्याने आयुष्याचा मोठा काळ त्याच भागात शस्त्रक्रिया करण्यात घालवला.

आता शामोनीतील त्या समारंभाकडे परत वळता येईल.

पदके घ्यायला स्ट्रट गेला होता. एकवीस मानकऱ्यांच्या यादीत मोहिमेचे तेरा सदस्य होते: बारा ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन म्हणून नोंदलेला फिंच. चौदावा तेजबीर बुरा. आणि उरलेले सात म्हणजे ७ जूनला मृत्यू पावलेले भारवाहक. साम्राज्याच्या त्या काळात, जेव्हा मोहिमांच्या वृत्तांतांत भारवाहकांची नावे बहुधा येतच नसत, तेव्हा जनरल ब्रूस यांच्या नावाशेजारी एका शेर्पाचे नाव, त्याच दर्जाच्या पदकासाठी, नोंदले जाणे ही लहान गोष्ट नव्हती. वर्ग पाडले गेले नाहीत. साहेबांना सोनेरी आणि हमालांना काशाचे, असा भेद झाला नाही.

पण याच यादीकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे लागते. वादळातून गरम पेये वर नेणारे भारवाहक होते, नॉर्थ कोलपर्यंत पुन्हा पुन्हा ओझी वाहणारे होते, हिमाच्या लोंढ्यातून वाचलेले होते. जिवंत भारवाहकांपैकी कोणालाही पदक नव्हते. शेर्पाला त्या यादीत प्रवेश मिळाला तो मृत्यूच्या मोबदल्यात. शिवाय, ज्या निर्णयामुळे ते सात जण गेले तो टाळता येण्याजोगा होता, असे लंडनमधील जाणकार तेव्हाच म्हणत होते. सोनेरी मुलाम्याखाली ती चर्चा झाकली गेली, हेही खरे. कुबर्तँ यांना शौर्याचा आदर्श हवा होता आणि तो त्यांना मिळाला. त्यांचा हेतू प्रामाणिक होता, यात शंका घेण्याचे कारण नाही.

धातूच्या सन्मानाची ही खोड शामोनीला नवी नव्हती. त्याच गावात १८८७ सालापासून एक शिल्प उभे आहे: शास्त्रज्ञ सोस्यूर आणि त्याला बोट दाखवून माँ ब्लाँचे शिखर दाखवणारा जॅक बाल्मा. ८ ऑगस्ट १७८६ रोजी ते शिखर प्रथम गाठणारे दोघे होते, बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल पाकार. त्या शिल्पात पाकार नाही. त्याचा स्वतंत्र पुतळा उभा राहिला तो १९८६ साली, चढाईला दोनशे वर्षे झाल्यावर.

देशांच्या नोंदींनीही गंमत केली आहे. ऑलिंपिकच्या दप्तरात ते सात मृत ‘भारत’ या नावाखाली आहेत आणि तेजबीर ‘नेपाळ’ या नावाखाली. शेर्पांचे मूळ मुलूख एव्हरेस्टच्या दक्षिणेला नेपाळातले, भोटियांचे तिबेटकडचे; भरती ब्रिटिश भारतातल्या दार्जिलिंगची. सीमारेषा डोंगरात राहणाऱ्यांना विचारून आखल्या जात नाहीत. ही नोंद जशीच्या तशी धरली, तर १९२८च्या ॲम्स्टरडॅममधील हॉकीच्या सुवर्णपदकाआधी चार वर्षे भारताच्या नावावर सात ऑलिंपिक पदके लागतात. पदकतालिकेत मात्र ती धरली जात नाहीत, कारण ती स्पर्धेची पदके नव्हती. नेपाळची स्थिती आणखी विलक्षण. २०२४च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत त्या देशाला अधिकृत ऑलिंपिक स्पर्धेत एकही पदक मिळालेले नव्हते. तेजबीर बुराचे हे शंभर वर्षांपूर्वीचे पदक तेवढे त्याच्या नावापुढे आहे.

पदके स्वीकारताना स्ट्रटने एक वचन दिले: यांतले एक पदक एव्हरेस्टच्या माथ्यावर नेले जाईल. पुढची मोहीम त्याच वसंतात निघायची होती, त्यामुळे हे बोलणे तेव्हा अवास्तव वाटले नसणार.

फिंच त्या मोहिमेत नव्हता. दोन वर्षांपूर्वी सर्वांत उंच गेलेल्या आणि नुकताच ऑलिंपिक पदकाचा मानकरी ठरलेल्या माणसाला लंडनच्या एव्हरेस्ट समितीने वगळले होते. त्याचा फटकळ स्वभाव आणि वसाहतीतले मूळ तिथल्या मंडळींना मानवत नव्हते. मॅलरी फेब्रुवारीच्या अखेरीस जहाजाने निघाला. ४ जून १९२४ रोजी नॉर्टनने प्राणवायूविना ८,५७० मीटरच्या आसपास मजल मारली. ८ जूनला मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन शिखराच्या दिशेने गेले ते परतले नाहीत. शामोनीच्या समारंभाला तेव्हा चार महिने झाले होते. मॅलरीचा देह १९९९च्या मे महिन्यात सापडला, सुमारे ८,१५५ मीटर उंचीवर.

गिर्यारोहणाचे ऑलिंपिक पारितोषिक त्यानंतर केवळ दोनदा दिले गेले. १९३२ साली मॅटरहॉर्नची उत्तर भिंत प्रथम चढणाऱ्या फ्रान्झ आणि टोनी श्मिड या जर्मन बंधूंना. पण पारितोषिक जाहीर होईपर्यंत टोनी दुसऱ्या एका डोंगरावर मृत्युमुखी पडला होता. १९३६ साली हिमालय आणि काराकोरममधील कामासाठी ड्यूरेनफुर्थ दांपत्याला. यातील हेट्टी या पर्वतकार्यासाठी ऑलिंपिक पारितोषिक मिळालेल्या एकमेव स्त्री. मग ही प्रथा बंद पडली. जो सन्मान द्यायचा तो माणूस जिवंत राहील याची खात्री नाही आणि सन्मानाच्या आशेने आणखी कोणी जीव धोक्यात घालणार नाही याचीही नाही, अशी ती पंचाईत होती. १९८८ साली कॅल्गरीत राइनहोल्ड मेसनर आणि येझी कुकुच्का यांना ऑलिंपिकचा रौप्य सन्मान देऊ केला गेला. गिर्यारोहण ही स्पर्धा नव्हे, असे सांगून मेसनरने तो नाकारला. कुकुच्काने स्वीकारला. पुढच्याच वर्षी ल्होत्सेच्या दक्षिण भिंतीवर तो पडला.

शेर्पांच्या वाट्याला धातूचा स्वतःचा सन्मान यायला १९३०चे दशक सरत आले. हिमालयन क्लबने (१९२८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय आज मुंबईत आहे) सर्वांत उंच ओझी वाहणाऱ्या शेर्पांसाठी ‘टायगर’ बिल्ला सुरू केला. पहिल्या मानकऱ्यांत एक तरुण होता, तेनझिंग. १९५३ साली तो हिलरीसोबत शिखरावर पोहोचला तेव्हा हिलरी आणि नेते जॉन हंट यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, तेनझिंगला जॉर्ज पदक. हा फरक आजही अनेकांना खुपतो. पण त्याच वर्षीच्या राज्यारोहण पदकाची एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. लाखाहून अधिक संख्येने वाटल्या गेलेल्या त्या पदकांपैकी फक्त सदतीस पदकांच्या कडेवर ‘माउंट एव्हरेस्ट एक्स्पेडिशन’ ही अक्षरे कोरली गेली. ती मोहिमेतील मंडळींसाठी होती.

स्ट्रटचे वचन मात्र १९५३मध्येही पुरे झाले नाही. पदके घरोघरी पेट्यांत राहिली. स्ट्रट १९४८ साली गेला. शेवटी वेकफिल्ड नावाच्या सदस्याच्या नातवाने आजोबांचे पदक पुढे केले. आर्थर वेकफिल्ड हा १९२२च्या तुकडीतला डॉक्टर. शिखराकडे गेलेल्या तिन्ही चढायांपैकी एकीतही तो नव्हता. २५ मे २०१२ रोजी, लंडन ऑलिंपिकला दोन महिने उरले असताना, ब्रिटिश गिर्यारोहक केंटन कूल ते पदक घेऊन एव्हरेस्टच्या माथ्यावर उभा राहिला. वचन दिल्याला अठ्ठ्याऐंशी वर्षे झाली होती. कूल चढला तो नेपाळच्या बाजूने, १९२२ साली बंद असलेल्या दारातून. उत्तरेकडे, नॉर्थ कोलखालच्या हिमात, त्याच पदकाचे सात मानकरी होते. पदक खाली आणून वेकफिल्ड कुटुंबाला परत करण्यात आले.